हाली आणि कलदार

दिवाळी जवळ आली की घराघरांतल्या पेट्या उघडतात. माळ्यावरचे पत्र्याचे डबे खाली येतात, गोधड्या उन्हात पडतात, आणि वर्षभर ज्यांची कुणी विचारपूस केलेली नसते अशा वस्तूंना 'ठेवायचे की टाकायचे?' हा प्रश्न विचारला जातो. माझी सुगी याच दिवसांत असते. मी जुन्या नोटा जमवतो. पौडसारख्या तालुक्याच्या गावी एका शाळामास्तराला हा छंद असावा याचे लोकांना नवल वाटते. जुनी नाणी जमवणाऱ्याला लोक विद्वान समजतात, पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला हौशी म्हणतात, पण नोटा जमवतो म्हटले की लगेच प्रश्न येतो, "मास्तर, मग खर्च का करीत नाही?" आमच्या घरातही हा प्रश्न अधूनमधून विचारला जातो, विशेषतः महिनाअखेरीस.

त्यातही माझी आवड थोडी चमत्कारिक आहे. कोऱ्या करकरीत नोटांचे मला अप्रूप नाही. धामधुमीच्या काळात ज्या नोटा कुणाच्या तरी कनवटीला होत्या, राज्य डळमळत असताना ज्या हातोहात फिरल्या, त्याच मला हव्या असतात. ही आवड कशी लागली ते आधी सांगतो.

आमच्या पौडच्या पश्चिमेला मुळशीचे धरण आहे. १९२१ ते १९२४ या काळात त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यापायी तुरुंगात गेले. आणि अखेर पाणी चढायचे ते चढलेच. 'जान किंवा जमीन' ही त्या वेळची घोषणा आमच्याकडे अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. पुष्कळांच्या जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडल्या होत्या, त्यामुळे मोबदल्याचा पैसा परस्पर तिकडे गेला. ज्यांच्या हाती थोडेफार लागले अशांपैकी एका घरात, मी नोकरीला नवा लागलो होतो तेव्हा, मला पंचम जॉर्जच्या चित्राची दहा रुपयांची नोट पाहायला मिळाली. राजाचे चित्र असलेल्या दहाच्या नोटा १९२३ सालापासून निघू लागल्या, त्यांपैकी ही. घरातले म्हातारबाबा म्हणाले, "आमच्या आज्यानं ही मोडली न्हाई. बुडालेल्या रानाचा पैका खायचा न्हाई म्हनाला." त्या काळी दहा रुपये ही लहान रक्कम नव्हती, आणि ते घर तर भाताला महाग झालेले होते.

त्या दिवशी मला एक साधी गोष्ट उमगली. नोट असते ती वटवण्यासाठी. जी वटली ती सरकारच्या तिजोरीत परत गेली आणि तिथे नष्ट झाली. तेव्हा जुनी म्हणून आपल्या हाती जी येते, ती नेमकी न वटलेली नोट असते. कुणाला तरी ती वेळेवर बदलता आली नाही, किंवा कुणीतरी ती हट्टाने बदलली नाही. संग्राहकांच्या याद्यांत तिच्यापुढे 'दुर्मीळ' असा शेरा मारलेला असतो. तो शेरा दिसला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: नुकसान कुणाचे झाले?

यंदा सप्टेंबरात वर्गात हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाविषयी बोलत होतो. निजाम, रझाकार, स्वामी रामानंद तीर्थ अशी नावे फळ्यावर लिहीत असता मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्या पणजीकडं निजामाची नोट हाय." वर्ग हसला. मी हसलो नाही. या मुलाचे वडील नांदेड जिल्ह्यातून पिरंगुटच्या कारखान्यात कामाला आलेले आहेत. मराठवाड्यातली अशी कितीतरी घरे आता आमच्या तालुक्यात नांदत आहेत.

संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेलो. पणजीबाई पंच्याऐंशी ओलांडलेल्या, पण नजर स्वच्छ. गुरुजी आले म्हणून त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला आणि नातसुनेला चहा टाकायला सांगितले. मग पेटी उघडली. वर लुगडी, त्याखाली हळदीकुंकवाचा करंडा, आणि करंड्याखाली फडक्यात गुंडाळलेली नोट. चार घड्यांवर झिजलेली, रंग उडालेली, पण अक्षरे शाबूत. पाच रुपये, हाली.

"गुरुजी, ह्याचं आता काय येतंय?" त्यांनी विचारले.

उत्तर द्यायला मला वेळ लागला. वाचकांनाही थोडा वेळ थांबावे लागेल, कारण हाली म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय पुढची हकीकत समजायची नाही.

निजामाच्या राज्याचा रुपया वेगळा आणि इंग्रजांचा वेगळा. इंग्रजांचा तो कलदार. 'कल' म्हणजे यंत्र; यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. निजामाचा तो हाली. 'हाली' म्हणजे सध्याचा, चालू. आज कुठल्याही दुकानात न चालणाऱ्या नाण्याचे नाव 'चालू' असावे याची मला नेहमी गंमत वाटते. चांदीच्या हाली रुपयावर चारमिनारचे चित्र असे. भाव ठरलेला होता: सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदार हवे असतील तर एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली मोजावे लागत. हा हिशेब मी दुसऱ्या दिवशी वर्गाला घातला, तेव्हा आणे आणि पै समजावण्यातच अर्धा तास गेला. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला मात्र तो तोंडपाठ असावा लागे. कापूस किंवा जोंधळा सरहद्दीपलीकडच्या बाजारात नेला की पैसा कलदार, आणि गावी सारा भरायचा तो हालीत.

कागदी हाली आली ती पहिल्या महायुद्धामुळे. युद्धाने चांदी महाग केली आणि सगळीकडेच रुपयांचा तुटवडा पडला. इंग्रज सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढली, आणि १९१८ च्या आरंभी चक्क अडीच रुपयांची! (ती १९२६ साली बंद झाली. माझ्या संग्रहात ती नाही. कुणाकडे असल्यास बघायला तरी मिळावी.) निजामानेही १९१८ साली कायदा करून शंभराच्या आणि दहाच्या नोटा काढल्या. पुढच्या वर्षी एक आणि पाच रुपयांच्या आल्या, १९२६ साली हजाराची. पुढे त्या छापल्या जात आमच्या नाशिकला, इंग्रज सरकारच्या छापखान्यात. या नोटांची मागची बाजू बघण्यासारखी आहे. तिथे रक्कम उर्दू, तेलुगू, मराठी आणि कानडी अशा चार भाषांत लिहिलेली असे. दरबार उर्दू, कचेरी उर्दू, वरच्या शाळा उर्दू. मराठीत चार इयत्ता शिकायची म्हटली तरी मारामार. पैशाला मात्र प्रजेची भाषा बोलावी लागली! सारा वसूल करायचा तर रयतेला आकडा वाचता आला पाहिजे, एवढे शहाणपण त्या राज्याला होते.

सहीचीही एक गंमत आहे. नोटेवर सही असे ती राज्याच्या अर्थमंत्र्याची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही वर्षे हे पद गुलाम मुहम्मद यांच्याकडे होते. हेच गृहस्थ १९५१ साली पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. तेव्हा मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यात मडक्यात पुरलेल्या नोटेवर, पुढे पाकिस्तानच्या सर्वोच्च पदावर बसलेल्या माणसाची सही निघू शकते.

आता पणजीबाईंची हकीकत. त्यांचे माहेर हदगाव तालुक्यातल्या एका खेड्यातले. पैनगंगा ओलांडली की पलीकडे उमरखेड. ती वऱ्हाडची, म्हणजे हिंदुस्थान सरकारची हद्द. १९४८ साली त्या आठ वर्षांच्या होत्या. लातूरचा वकील कासिम रझवी याने रझाकारांची टोळधाड सगळ्या संस्थानावर सोडली होती. गावे जळत होती. उन्हाळ्यात, नदीला पाणी कमी असताना, बापाने एका रात्री गाडी जुंपली. "बैलाच्या गळ्यातल्या घुंगरात चिंध्या कोंबल्या बा नं," पणजीबाई म्हणाल्या. "आवाज होऊ ने म्हून." जोंधळा विकून आलेल्या नोटा आईने गोधडीत ठिकठिकाणी शिवल्या होत्या आणि त्या गोधडीवर पोरांना निजवले होते.

पलीकडे पोचल्यावर प्राण वाचले, पण नोटा निरुपयोगी. दुकानदार हाली घेईना. सराफ घेत असे, पण सात-सहाचा भाव आता कुठला? "अर्ध्यावर आलं, अर्ध्यावर आलं, एवढंच बा म्हनायचा." लागेल तेवढी एक एक नोट गोधडी उसवून काढायची आणि पडेल त्या भावाने मोडायची, अशी ती पोटाची तजवीज चालली.

बिचाऱ्याला ठाऊक नव्हते की त्याच्या गोधडीतल्या कागदांवरून दोन सरकारांचे भांडण जुंपलेले आहे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजामाने भारत सरकारशी 'जैसे थे' करार केला. आणि लगोलग दोन वटहुकूम काढले. एकाने सोन्याचांदीची भारतात निर्यात रोखली. दुसऱ्याने संस्थानात भारतीय चलन बेकायदा ठरवले. शिवाय वीस कोटी रुपयांचे भारत सरकारचे रोखे कर्ज म्हणून पाकिस्तानला देऊ केले. सैन्य, रझाकार, जाळपोळ हे सगळे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण निजामाने स्वतंत्र राजा असल्याचा दावा मांडला तो नाण्यातूनही. 'माझ्या राज्यात माझाच रुपया' असे ज्याला म्हणता येते तो राजा, हे त्याला नेमके कळत होते.

आणि ते त्याच्या विरोधकांनाही कळत होते. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यात उमरी येथे स्वातंत्र्यसैनिकांनी निजामाच्या बँकेवर छापा घातला आणि सुमारे वीस लाख रुपये उचलले. मराठवाड्यात या छाप्याच्या गोष्टी अजून रंगवून सांगितल्या जातात. मला त्यातला व्यवहार अधिक नवलाचा वाटतो. निजामाच्या नोटा घेऊन निजामाशी लढायचे. आणि तो जिंकला तरच त्या नोटांना किंमत राहायची! आपण जिंकल्यावर जिची शाश्वती नाही अशा पैशावर लढाई चालवणारी माणसे हिशेबाला कच्ची होती असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. पणजीबाईंचे कुटुंब पोळ्याला परक्या गावात होते, ते दिवाळीला घरी आले. घराचे छप्पर नव्हते, पण नोटा पुन्हा चालू लागल्या. नव्या सरकारने हाली एकदम बुडवली नाही, हे त्याचे शहाणपण. १९५० पासून भारतीय रुपया तिथे सुरू झाला आणि त्याच्या जोडीने जुन्या सात-सहाच्या भावाने हालीही चालत राहिली. ती कायमची रद्द झाली १९५९ साली. म्हणजे रयतेला नोटा बदलून घ्यायला भरपूर अवधी मिळाला. बापाने गोधडीतल्या होत्या तेवढ्या सगळ्या काढल्या, निदान त्याला तसे वाटले. गोधडी लेकीच्या लग्नात तिच्याबरोबर सासरी गेली.

"मंग बहात्तरचा दुष्काळ पडला," पणजीबाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

त्या साली त्या दुष्काळी कामावर खडी फोडीत होत्या. घरात धान्याचा कण नव्हता. जुनी गोधडी फाटली म्हणून थिगळ लावायला उसवली, तर एका कोपऱ्यात, टाक्यांच्या दोन ओळींत, घडी घातलेली नोट. पाच रुपये! त्यांनी नवऱ्याला हाक मारली. नवरा तसाच दुकानावर धावला. दुकानदाराने नोट उलटीपालटी केली, खांद्यावरून मागे बसलेल्या म्हाताऱ्याला दाखवली आणि दोघेही हसले. "हाली हाय ही. तेरा वर्षं झाली मरून."

एवढे सांगून पणजीबाईंनी नोट पुन्हा फडक्यात ठेवली. "लेकरं उपाशी निजली त्या राती. अन पाच रुपये घरात."

मला त्या वेळी लंडनची एक गोष्ट आठवत होती, ती मी त्यांना सांगितली नाही; इथे सांगतो. सप्टेंबर १९४८ मध्ये, शरणागतीच्या त्याच आठवड्यात, निजाम सरकारचे दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंड लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानच्या हाय कमिशनरच्या खात्यावर वळते करण्यात आले. ते माझ्या संमतीशिवाय झाले, असे म्हणत निजामाने पैसे परत मागितले. पाकिस्तान म्हणाले आमचे, भारत म्हणाला आमचे. बँकेने कुणालाच दिले नाहीत. व्याज साचत राहिले, वकील मरत राहिले, निजामही १९६७ साली गेले. अखेर २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने पैसे भारताचे आणि निजामाच्या वारसांचे असा निकाल दिला. तोवर दहा लाखांचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. एका राज्याच्या पडझडीत अडकलेला पैसा एकाहत्तर वर्षांनी व्याजासकट वटला. हदगावच्या गोधडीतले पाच रुपये तेरा वर्षांत मेले. दोन्ही पैसे एकाच सरकारचे. फरक इतकाच की एका बाजूला बॅरिस्टर होते.

गोव्यातही असेच काही घडले, थोडक्यात सांगतो. तिथे पोर्तुगीजांच्या बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेच्या नोटा चालत. आधी रुपयांच्या, १९५९ पासून एश्कुदोच्या, सहा एश्कुदोला एक रुपया या भावाने. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि त्या नोटा गेल्या. त्यापेक्षा वाईट म्हणजे गोवेकरांनी त्या बँकेत गहाण ठेवलेले दागिने मुक्तीच्या आधीच लिस्बनला रवाना झाले होते. ते परत आले १९९१ साली. तीस वर्षांत कितीतरी सासवा-सुना त्या मंगळसूत्रांची वाट बघत गेल्या असतील. माझ्याकडे गोव्याची एक नोट आहे. ती मी कुणाकडून घेतली त्यांनी माझ्याकडून चहासुद्धा घेतला नाही. "हे घरात नको" एवढेच म्हणाले.

आणि फार लांब तरी कशाला जा? ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. आमच्या पौडमध्येही बँकेपुढे रांगा लागल्या. नंतर २०१७ साली जो कायदा झाला त्यात एक कलम आमच्यासारख्यांसाठी आहे: रद्द झालेल्या नोटा साध्या माणसाने दहापेक्षा जास्त बाळगायच्या नाहीत, अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी मात्र पंचवीसपर्यंत चालतील. मी नियमाप्रमाणे पाचशेच्या दोनच ठेवल्या आहेत. त्या एका शेजारणीच्या डब्याच्या तळाशी मुदतीनंतर निघाल्या. तिच्या नवऱ्याला त्या डब्याचा पत्ता नव्हता, आणि तो तिला लागू द्यायचा नव्हता. बदलायला जायचे तर सांगावे लागले असते.

असो. पणजीबाईंचा प्रश्न तसाच राहिला होता. मुलाचे वडील तोवर कामावरून आले होते आणि दाराशी उभे राहून ऐकत होते. मी खरे ते सांगितले. ही नोट बँकेत कुणी घेणार नाही, पण संग्राहक घेतात. झिजलेली असली तरी मी स्वतः इतके देईन, म्हणून आकडा सांगितला. माझ्या पगाराला जेवढा झेपेल तेवढा तो होता. वडिलांच्या चार दिवसांच्या मजुरीएवढा तरी असावा, कारण त्यांनी चटकन आजीकडे बघितले.

पणजीबाईंनी आकडा मनात घोळवला. मग म्हणाल्या, "गुरुजी, बहात्तरला आले असते तर देली असती."

त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती. बाजारात एखादी बाई शांतपणे भाव नाकारते, तितक्याच शांतपणे त्या बोलल्या. नातू म्हणाला, "आज्जे, सर चांगल्या कामालाच मागतेत." त्यावर त्या म्हणाल्या, चांगल्या कामालाच ठेवली आहे, लक्ष्मीपूजनाला पाटावर ती असतेच. दर साली पाटावर चांदीचा एक रुपया आणि ही नोट, असा त्या घरचा रिवाज. बापाच्या हातचे घरात एवढे एकच उरले आहे. तो रुपयाही मला दाखवला. चारमिनारचा, हाली.

मी परवानगी घेऊन नोट उजेडात धरली, नंबर टिपून घेतला, मागच्या बाजूचे मराठी मुलाला मोठ्याने वाचायला लावले. 'पाच' हा शब्द त्याला लगेच लागला आणि निजामाच्या नोटेवर आपली अक्षरे बघून तो चकित झाला. घड्यांवर फाटू लागली आहे, फडक्याऐवजी कोऱ्या कागदात सपाट ठेवा, कापूर किंवा डांबराच्या गोळ्या जवळ नकोत, एवढे सांगून मी निघालो. दुसऱ्या दिवशी शाळेतून एक जाड पुठ्ठा आणि ताव पाठवून दिला.

माझ्या वहीत प्रत्येक नोटेसाठी एक खिसा असतो आणि त्याखाली माहितीची चिठ्ठी. हैदराबादच्या पानावर पाच रुपयांचा खिसा रिकामा होता, तो रिकामाच आहे. चिठ्ठी मात्र लिहून लावली: हैदराबाद, पाच रुपये हाली, चार घड्या, एका बाजूला सुईची भोके. मालकिणीकडे.

लक्ष्मीपूजनाला यायचे, असे पणजीबाईंनी बजावले आहे. मुलगा रोज वर्गात आठवण करतो.